रक्त न घेता लिहिलेलं ‘नाही’

सुगंधाबाईवर अन्याय झाला. केळापूर तालुक्यातल्या एका पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर, राहणारी सुगंधाबाई, पावणेदोन वर्षांची छकुली कडेवर घेऊन पायी आलेली. यंदा तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेअकरा वाजता, आरोग्य केंद्राच्या खिडकीसमोर. पोरीचे दोन्ही तळहात आणि पावलं सुजून टम्म झाली होती. आत बसलेल्या ऑपरेटरने सुगंधाबाईचं नाव टाकलं. स्क्रीनवर आलं, ‘सिकलसेल : नाही’. सिकलसेल हा रक्ताचा आजार, आईबापांकडून येणारा. डॉक्टरांनी स्क्रीन वाचली आणि म्हणाले, आईलाच नाही, तर मुलीला तो असायचा प्रश्नच नाही. दुखण्याचं औषध दिलं आणि घरी पाठवलं. सुगंधाबाईचं रक्त तोवर आयुष्यात एकदाही कोणी तपासलं नव्हतं.

सुबोधदादा, तुझ्यावरचा लेख तुझ्या नावाने सुरू केला नाही, याचा तुला राग येणार नाही हे मला माहीत आहे. माझ्या प्रत्येक पत्रकाचा कच्चा कागद हातात घेऊन तू एकच सांगायचास, “ज्याचं नुकसान झालं त्याचं नाव पहिले लिही, व. कधी झालं ते लिही. आपलं मंग पाहू.” तुझं ऐकलं. बाकी कशात ऐकलं नाही, निदान यात तरी.

तुला जाऊन आज अकरा दिवस झाले. शोकसभेत लोक बोलले, मनमिळाऊ होता, हुशार होता, राळेगावसारख्या ठिकाणी राहून अॅप बनवायचा.  मला बोलायला उठवत होते, मी उठले नाही. मला जे बोलायचं होतं ते सभेत बोलण्यासारखं नव्हतं. मला विचारायचं होतं की मंदाताईच्या मोबाइलमध्ये तुझं जुनं अॅप आहे की नवं? वरच्या पोडांची यादी तू तपासलीस की राहिली? तुझ्या वहीत तिथे पेन्सिलने केलेली खूण आहे, ती झालं म्हणून आहे की करायचं म्हणून? फोटोला हार घातलेल्या माणसाला हे कसं विचारायचं?

वाचणाऱ्यांना सगळं सांगावं लागेल, म्हणून क्रमाने सांगते. तुला माहीत असलेलंच आहे. ऐकून घे.

आपल्या संघटनेचं ऑफिस म्हणजे राळेगावात सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्या. मी नेरहून आले तेव्हा मला एकच काम येत होतं, पत्रक लिहिणं. ‘जागे व्हा!’, ‘जाब विचारा!’, ‘आता नाही तर कधी!’ पहिल्याच आठवड्यात माझं पत्रक वाचून तू म्हणालास, “तुह्या वाक्यात लय उद्गारचिन्हं असतात व. एखाद्याले लागन.” तेव्हापासून तू मला पत्रकबाई म्हणायला लागलास. मी चिडायचे. आता त्या नावाने हाक मारणारं कोणी नाही, आणि चिडायलाही कोणी नाही.

संघटनेचं काम होतं घरोघर जाऊन आरोग्याची माहिती गोळा करायची. ती आधीपासून कागदावर व्हायची, आणि त्या कागदाची एक रीत होती. मंदाताईसारख्या जुन्या कार्यकर्त्या प्रत्येक प्रश्नापुढे तीनपैकी एक खूण करायच्या. आजार आहे असं तपासून कळलं तर बरोबरची खूण. तपासून नाही असं कळलं तर फुली. आणि तपासलंच नसेल तर आडवी रेघ. ही रेघ आमच्या कामाचा अभिमान होती. बैठकीत नव्या मुलींना मी स्वतः ओरडून सांगायचे, “माहीत नाही ते भरायचं नाही! अंदाज लिहायचा नाही! कोरं ठेवलं तर लाज नाही, खोटं भरलं तर लाज आहे!” मुली माना डोलवायच्या. तू कोपऱ्यात लॅपटॉपवर खाली मान घालून हसायचास.

सुगंधाबाईच्या कागदावर मंदाताईने रेघ मारली. दोन वर्षांपूर्वीचा पावसाळा, सुगंधाबाईला सातवा महिना, आणि तपासणीचं सामान खालच्या पोडावरच संपलं होतं. पुढच्या वेळी घेऊ म्हणून मंदाताई उतरली. पुढची वेळ लवकर आली नाही, कारण नाल्यावरचा रपटा, तो ठेंगणा पूलच, वाहून गेला. रेघ मात्र खरी होती. तपासलेलं नाही, म्हणून रेघ.

मग ती रेघ ‘नाही’ कशी झाली? हे समजायला मला तू पोहे खाऊ घातलेस.

स्टँडसमोर पोह्यांच्या तीन गाड्या आहेत. तू म्हणालास, “तिघायले एकच सांगाचं. पोहे एक. तर्रीचं नावच काढाचं नाई.” पहिल्याने न विचारता वरून लाल तर्री ओतली. दुसऱ्याने कोरडे पोहे कांदा घालून पुढे केले. तिसऱ्याने पळी हातात धरून विचारलं, “टाकू का ताई?”

“पाह्यलं?” तू म्हणालास. “तर्रीबद्दल तू काहीच बोलली नव्हती. तिघायनं तीन अर्थ काढले. यातला इमानदार कोणता?”

“तिसरा. विचारणारा.”

“कॉम्प्युटरच्या दुनियेत तो लय कमी भेटते.”

मग तू प्लेटा बाजूला सारून बाकावरच बोटाने काढून दाखवलंस. मोबाइल ऑफिसला माहिती पाठवतो ती चिठ्ठीसारखी असते. नाव अमुक, वय तमुक, गाव अमुक. नावापुढे किंमत, नावापुढे किंमत, अशा जोड्या. या लिहिण्याच्या पद्धतीला जेसन म्हणतात. ही चिठ्ठी सगळ्यांना वाचता येते, पण तिच्यात एखादी जोडी आलीच नाही तर काय समजायचं, ते ज्याचं त्याने ठरवायचं. कोणी रकाना कोरा दाखवतं. कोणी अडून बसतं. आणि कोणी आपल्या मनाने एक उत्तर भरून टाकतं, तेही इतकं गुपचूप की भरणाऱ्या यंत्रालाही कळत नाही की आपण काही भरलं.

आमच्या अॅपमध्ये तू तीन बटणं केली होतीस. आहे, नाही, तपासलं नाही. अगदी कागदासारखी. पण पोडावर रेंज नसते. मंदाताई नाल्यावरच्या टेकाडावर चढून, मोबाइल वर धरून माहिती पाठवायची, आणि अर्धी चिठ्ठी जाऊन अडकायची. म्हणून तू चिठ्ठी हलकी केलीस. ज्या प्रश्नाचं उत्तर ‘तपासलं नाही’, तो प्रश्न चिठ्ठीत पाठवायचाच नाही. दोन अक्षरं कमी, दोन क्षण कमी. मंदाताई खूश झाली. मीसुद्धा बैठकीत टाळ्या वाजवल्या.

तालुक्याच्या ऑफिसात वेबसाइट होती. तिथे न आलेला रकाना कोरा दिसायचा. आपण दर महिन्याला तिथे जायचो, कोरे रकाने पाहायचो आणि समाधानाने परत यायचो. आरोग्य केंद्रात मात्र वेगळं सॉफ्टवेअर, वेगळ्या कंपनीचं. तिथे त्या जागी दोनच उत्तरं मांडलेली, आहे किंवा नाही. चिठ्ठीत काहीच आलं नाही की ते दुसरं धरायचं. ती खिडकीमागची स्क्रीन आपण कधीच पाहिली नव्हती. इतके मोर्चे काढले, इतक्या वेळा त्या खिडकीसमोर घोषणा दिल्या, आणि एकदाही आत वाकून पाहिलं नाही.

दसऱ्यानंतर मंदाताई तिच्या कामाने केंद्रात गेली. सुगंधाबाई पोरीला घेऊन पुन्हा आलेली. तिसरी खेप. ऑपरेटर म्हणाला, आईला सिकल नाही म्हणून लिहिलं आहे. मंदाताईने पिशवीतून कागदाचा गठ्ठा काढला, त्याच्या डोळ्यासमोर धरला आणि म्हणाली, “माह्या हातची रेघ हाय ही. म्या रक्तच घेतलं नाई, मंग तुह्या मशीननं कुठून घेतलं?”

त्या दिवशी मायलेकींचं रक्त तपासायला गेलं. पोरीला आजार निघाला, सुगंधाबाईच्याही रक्तात तो निघाला.

आता औषध सुरू आहे. सूज उतरली. पण पोळा ते दसरा हे दिवस त्या पोरीने कसे काढले, ते मी इथे लिहू शकत नाही. सुगंधाबाईने सांगितलं तेव्हा तू ऐकत बसला होतास, मी उठून बाहेर गेले होते.

दादा, त्या दिवसाबद्दल मला तुझ्याशी बोलायचं होतं. पोडावर, सुगंधाबाईच्या अंगणात आपण तिघं बसलो होतो, तू, मी, मंदाताई. मी ठरवून आले होते की हिला सांगायचं, बाई, तुमच्यावर मोठा अन्याय झाला, आम्ही कंपनीला सोडणार नाही. माझं भाषण तयार होतं. सुगंधाबाईने सरळ तुझ्याकडे बघून विचारलं, “मशीनले कोणं सांगतलं, का मले सिकल नाई?”

आणि तू म्हणालास, “म्या, बाई. तुमच्याबद्दल माहीत नाई हे त्याले सांगाचं होतं. म्या काहीच नाई सांगतलं. त्यानं आपल्या मनानं धरलं.”

मला वाटलं जमीन फाटावी. तू एका वाक्यात आख्ख्या संघटनेची मान कापून दिलीस, असंच मला वाटलं. सुगंधाबाई पोरीच्या पायावरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, “मंग आता बरोबर सांग. आन् बाकीच्या बायायले बी इचार. माह्या एकटीचंच असं झालं असन का?”

माझ्या डोक्यात पत्रक होतं, तुझ्या डोक्यात तो प्रश्न शिरला. बाकीच्या किती? परत येताना तू गाडी चालवत होतास. मी मागे बसून सारखी बोलत होते.

दुसऱ्या दिवशी मी पत्रक लिहिलं. ‘आदिवासींचे आजार लपवणाऱ्या कंपनीचा धिक्कार असो!’ स्टँडवरच्या कँटीनमध्ये तू ते वाचलंस, घडी घातलीस आणि माझ्या हातात परत दिलंस.

“यावर माही सही नाई.”

“काहून?”

“कोणं लपवलं नाई व. कोणं इचारलंच नाई.”

“म्हणजे त्यांना सोडायचं?”

“त्यायचीही चूक आहे. जे आलं नाई त्याले ‘नाई’ धरणं ही चूकच आहे. पण पहिली ओळ आपल्या चुकीची लिही. माहं अॅप रेघ गाळत होतं. ते लिही, मंग त्यायचं लिही. मी दोन्हीवर सही करतो.”

मी म्हणाले, आपली चूक लिहिली तर ते तेवढंच वाचून दाखवतील. तू म्हणालास, वाचू दे. मी म्हणाले, तुला चळवळ कळत नाही. तू म्हणालास, “तुले चुकीची लाज वाटते, पत्रकबाई. मले त्या बायायची धास्ती वाटते.” आणि मग मी ते बोलले. शेजारच्या टेबलावर कंडक्टर चहा पीत होते, त्यांनी मान वळवून पाहिलं. मी म्हणाले, “तू कंपनीचा माणूस आहेस.”

तू चहा संपवलास, पिशवी उचललीस. जाताना फक्त म्हणालास, “पाच वाजता फोन लावाचा आहे त्यायले. येशील?”

मी आले नाही असं मी इथे लिहिणार होते, म्हणजे माझा पश्चात्ताप बरा दिसला असता. पण मी आले. तोंड फुगवून आले. तू स्पीकर लावलास. कंपनीचा माणूस नागपुरात बसलेला, गोड बोलणारा.

“सर, तुमच्याकडून फील्ड येतच नाही, तर आम्ही काय दाखवायचं?”

“कोरं दाखवा,” तू म्हणालास. “तुमच्या वेबसाइटवाल्यांना जमतं, तुम्हाला का जमत नाही?”

“वेबसाइट आमची नाही ना सर. आमच्या स्क्रीनवर दोनच गोल आहेत. आहे, नाही. तिसरा गोल टेंडरमध्ये नव्हता.”

मी मध्येच ओरडले, “माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे, तुम्ही टेंडर काय सांगता?”

तो म्हणाला, “मॅडम, मी तुमच्या भावना समजू शकतो.” तू फोनवर हात ठेवून मला म्हणालास, “भावना त्याले समजल्या. आता रकाना समजाव.” तशा अवस्थेतही मला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून अजून राग आला.

त्या फोनवर तुला एक गोष्ट कळली, आणि तुझा चेहरा बदलला. मला ती समजायला दोन दिवस लागले. केंद्रातला ऑपरेटर एखाद्या बाईचा मोबाइल नंबर बदलतो, पत्ता दुरुस्त करतो, आणि सेव्ह दाबतो. त्याबरोबर तिची पूर्ण चिठ्ठी नव्याने लिहून परत वर जाते. यावेळी त्या चिठ्ठीत ‘नाही’ असतं, ठसठशीत लिहिलेलं. मग तालुक्याच्या वेबसाइटवरचा कोरा रकानाही भरतो. त्या क्षणापासून खरंच तपासून आलेलं ‘नाही’ आणि हे हवेतलं ‘नाही’ यांत काहीच फरक उरत नाही. दोन्ही सारखी दिसतात. तपासल्याची तारीख मागायचीही सोय नाही, तसा रकानाच कोणी केलेला नाही.

म्हणजे केंद्र उघडलं की रोज कोणाचा तरी कोरा रकाना मरतो. हे वाक्य तुझं आहे. मी ते पत्रकात वापरीन म्हटलं तर तू म्हणालास, वापर, पण खाली माझं नाव नको. आज टाकते आहे, रागाव.

तू अॅप दुरुस्त केलंस. आता प्रश्न गाळायचा नाही, ‘तपासलेलं नाही’ असं चिठ्ठीत स्पष्ट लिहून पाठवायचं. तालुक्याच्या वेबसाइटने ते आनंदाने वाचलं. आरोग्य केंद्राचं सॉफ्टवेअर म्हणालं, हे उत्तर मला ओळखीचं नाही, आणि त्याने चिठ्ठीच नाकारली. एका पोडावरच्या चार बाया यादीतून गायबच झाल्या. चुकीचं ‘नाही’ तरी होतं, आता नावही नाही. तू ते त्याच दुपारी मागे घेतलंस. पण कोणाकोणाच्या मोबाइलवर नवं अॅप पोचलं होतं आणि कोणाच्या मोबाइलवरून परत आलं, हे तुला एकट्याला माहीत होतं. मंदाताईचा मोबाइल जुना, त्यावर नवं काही धड बसत नाही. तिला विचारलं तर म्हणते, “मले काय ठाव, सुबोध बोट लावत होता नं त्याले.”

मग तू शेवटचा उपाय काढलास, आणि तो कॉम्प्युटरचा नव्हता. तू म्हणालास, कागद अजून खोटं बोलत नाही. सगळ्या कार्यकर्त्यांच्या घरातून जुने फॉर्म गोळा करायचे, एकेक आडवी रेघ शोधायची, आणि यादीत त्या माणसापुढे आज काय लिहिलं आहे ते पाहायचं. गाव करून गाव, पोड करून पोड. एका गावात एका कार्यकर्तीच्या घरी फॉर्म सापडले नाहीत. तिच्या सासूने चूल पेटवायला वापरले होते. तू बाहेर येऊन गाडीच्या सीटवर बराच वेळ हात टेकून उभा राहिलास. मी पहिल्यांदा तुला घाबरलेलं पाहिलं. म्हणालास, “या गावाचं आता कोणालेच समजणार नाई व. हे लोक आपल्या तोंडानं सांगतील तेवढंच.”

त्याच दिवसांत तुला ताप होता. मी म्हटलं, दवाखान्यात जा. तू म्हणालास, एवढं पोड झालं की जातो. मी दुसऱ्यांदा म्हटलं नाही. त्या तापातून तू उठला नाहीस. म्हटलं असतं तर तू ऐकलं असतंस का? माहीत नाही. तो रकाना कोराच ठेवते. त्यात मी मनाने काही भरणार नाही, ना माझा दोष, ना माझी सुटका.

तुझी वही माझ्याकडे आहे. तुझ्या आईने स्वतः दिली. म्हणाली, “हे तुह्यं काम दिसते, घेऊन जाय.” ‘कंपनीचा माणूस’ या माझ्या शब्दाबद्दल तिने मला काही विचारलं नाही, म्हणजे तू घरी सांगितलं नव्हतंस. मी तुझी माफी मागितली नाही, दादा. मागायची होती. नंतरच्या दिवसांत आपण इतक्या घाईत होतो, गाडीवर, कागदात, फोनवर, की मला वाटायचं हे संपलं की एकदा बसून बोलू. तूही त्या शब्दाचा विषय काढला नाहीस. तुला लागला होता की नाही, हेसुद्धा मला माहीत नाही. आणि तू नाही बोललास म्हणून लागला नसेल, असं धरून चालण्याची सोय तू माझ्यासाठी ठेवलेली नाहीस.

हे मात्र सांगते. तू मला भांडायला शिकवलं नाहीस, ते मला येत होतं. तू मला वाकून पाहायला शिकवलंस. आता मी आरोग्य केंद्रात जाते तेव्हा खिडकीसमोर उभी राहत नाही, आत जाते, ऑपरेटरच्या खुर्चीमागे उभी राहते आणि म्हणते, भाऊ, हे नाव उघडा. तो कंटाळतो. पण उघडतो. परवा त्याने स्वतःहून विचारलं, “ताई, हिचं सेव्ह करू का थांबू?” मी म्हटलं, थांबा, आधी विचारू. तो थांबला. तुला सांगायला मी मोबाइल काढला, तुझं नाव उघडलं, आणि मग आठवलं.

पण मी एका केंद्रात, एका खुर्चीमागे उभी राहू शकते. बाकी केंद्रं रोज सकाळी उघडतात. वेचणीचे दिवस आहेत, बाया दिवसभर कापसात, विचारायला गेलं तर घरी कोणी भेटत नाही. तुझ्या वहीत निम्मी पानं कोरी आहेत. किती माणसांपुढे खोटं ‘नाही’ बसलं आहे, हे आजही कोणी सांगू शकत नाही, मी नाही, कंपनी नाही, तालुका नाही. आकडा मागणाऱ्यांनो, आकडा नाही, कारण आकडा काढायचं साधनच मारलं गेलं. मला झोप लागत नाही ती याने. एखाद्या पोडावर आत्ता एखादी पोर हात सुजवून बसलेली असेल आणि तिच्या आईपुढे आपल्या अॅपच्या कृपेने दोन अक्षरं लिहिलेली असतील.

म्हणून तुझी अट पूर्ण करते, उशिरा. ती कबुली पहिल्या ओळीत यायला हवी होती, पण सुगंधाबाईचं नाव तू स्वतःच आधी घ्यायला लावलं असतंस. चूक आमची होती. आमच्या अॅपने न तपासलेल्यांची खूण वाटेतच गाळली. आरोग्य केंद्राच्या सॉफ्टवेअरने न विचारता तिथे ‘नाही’ लिहिलं, ती चूक त्यांची. पत्रकावर दोन्ही छापलं आहे. सहीच्या जागी माझं एकटीचं नाव आहे, कारण गेलेल्या माणसाची सही मी धरून चालत नाही.

आणि आता तुम्ही, हे वाचणारे. हळहळू नका, तो माणूस चांगला होता म्हणू नका. आज घरी गेल्यावर आईला, बायकोला, सुनेला, लेकीला, शेजारच्या पोटुशी बाईला एकेक करून विचारा, सिकलसेलसाठी तुझं रक्त खरंच घेतलं होतं का? आठवत नसेल तर घेतलं नव्हतं असं समजा आणि तपासणी मागा. जुने फॉर्म घरात असतील तर चुलीत घालू नका, आमच्याकडे आणा. उद्या सकाळी तुमच्या आरोग्य केंद्रात जा, खिडकीच्या आत जा, आपल्या घरच्या प्रत्येकाचं नाव उघडायला लावा, आणि ज्याचं रक्त कोणी घेतलं नाही त्याच्यापुढे ‘नाही’ दिसलं तर तिथून हलू नका. आधी रक्त घ्यायला लावा.